ओआरएसमधली साखर चवीसाठी नसते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत पावसाळ्यातल्या उलट्या-जुलाबांवर लेख आला होता. लेख चांगला होता, पाणी उकळून प्या, हात धुवा, उघड्यावरचं खाऊ नका, जुलाब लागले की ओआरएस द्या, सगळं बरोबर होतं. पण ओआरएसच का द्यायचं, त्यात मीठ आणि साखर दोन्ही कशाला, नुसतं पाणी का पुरत नाही, यावर त्यात एक ओळसुद्धा नव्हती. आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे, कारण का ते माहीत नसलं की माणूस आपल्या मनाने बदल करतो, साखर चवीला असेल म्हणून काढून टाकतो नाहीतर ताकद येते म्हणून दुप्पट घालतो, आणि दोन्हीमध्ये लेकराचं नुकसान होतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमच्याकडे आठवीला पेशीचा धडा आहे. दर वर्षी मुलं पेशीची सुंदर आकृती काढतात, केंद्रकाला जांभळा रंग, तंतुकणिकेला केशरी, पट्टीने सरळ रेषा मारून नावं देतात, पाचपैकी पाच मार्क मिळतात. आणि त्याच मुलांच्या घरी धाकट्या भावाला जुलाब लागले तर त्या आकृतीचा आणि त्या जुलाबाचा काही संबंध आहे हे कुणाच्या डोक्यातपण येत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई मेडिकलच्या दारात भेटली, हातात ज्यूसचा पुठ्ठ्याचा डबा. म्हणाल्या, "मॅडम, पुडीचं पाणी पोरगं थुकतंय, मग मेडिकलवाल्यानं ह्यो दिला, ह्यात बी ओआरएसच हाय म्हणला. गोड हाय, पोरगं गटागटा पितंय." बाई काळजीनेच करत होत्या, पदरचे पैसे घालून महागाचं आणलं होतं. त्यांची काहीच चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. म्हणून हे पत्र जरा लांबवून लिहितेय, जागा असेल तेवढं छापा, पण त्यातला गाभा कापू नका ही विनंती.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. एकच. सहा-एक मीटरचं आतडं आणि त्यातून जाणारं अन्नपाणी रक्तापर्यंत पोचायचं तर मध्ये हा एवढा एका पेशीचा थर. ही पेशी उभट असते, केंद्रक तळाकडे, आणि आतड्याच्या पोकळीकडे असलेल्या तिच्या टोकावर हजारो बारीक बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, त्यामुळे अन्नाला टेकणारी जागा कितीतरी पटीने वाढते. शेजारच्या दोन पेशी वरच्या टोकाला एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, म्हणजे आतड्यातलं काहीही वाटेल तसं मधून घुसून आत जाऊ नये. या पेशी फक्त तीन ते पाच दिवस जगतात, खालच्या खळग्यात नवीन तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि टोकाला पोचल्या की गळून पडतात. म्हणजे आज तुमच्या आतड्यात जी पेशी काम करतेय ती पुढच्या आठवड्यात तिथे नसेल, दुसरी असेल, आणि तीपण तेच काम तसंच करेल. मला स्वतःला ही गोष्ट इतक्या वर्षांनंतरही थक्क करते.

या पेशीभोवती जे प्रद्रव्यपटल असतं ते स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचं, जाडी साधारण सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले सात-आठ. तेलकट असल्यामुळे मीठ, साखर असल्या पाण्यात विरघळणाऱ्या वस्तू त्यातून आपोआप जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनं बसवलेली असतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं, कोण कुणाला आत घेणार, कोण कुणाला बाहेर काढणार. पुस्तकात आपण निवडक्षम पारपटल असं लिहून मोकळे होतो, पण निवड करतं कोण तर ही प्रथिनं करतात आणि ओआरएसचा सगळा खेळ त्यांच्यावर चालतो.

त्यातलं एक प्रथिन पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असतं, सोडियमचा पंप. आपलं मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, त्यातला हा सोडियम. ते आतले तीन सोडियम बाहेर फेकतं आणि बाहेरचे दोन पोटॅशियम आत घेतं, आणि एवढ्या एका फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशी ज्यातून ऊर्जा वापरते त्या पदार्थाचा, एक रेणू खर्च होतो. हे दिवसरात्र चालू असतं, आपण झोपलेले असताना पण. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये हे दाखवलं आणि त्यांना नोबेल मिळालं ते चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये. आपण नुसते बसून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातला साधारण पाचवा-चौथा हिस्सा या पंपावर जातो. मुलं तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र हे वाक्य झोपेत पण म्हणून दाखवतात, पण ती ऊर्जा जाते कुठे असं विचारलं की वर्ग गप्प, कारण आपण ते शिकवतच नाही. इथे जाते, सोडियम बाहेर काढण्यात जाते.

आता हे कशासाठी, तर पेशीच्या आत सोडियम कमी राहावा म्हणून. बाहेर लिटरला १४० मिलिमोल तर आत दहा-पंधरा. मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवलं की मग खाली नळ नुसता सोडायचा, पाणी आपसूक जोरात येतं, तसा बाहेर जमलेला सोडियम आत यायला सारखा टपलेला असतो. आणि या ओढीचाच फायदा घेणारं एक दुसरं प्रथिन पेशीच्या पोकळीकडच्या टोकावर आहे, त्याचं नाव एसजीएलटी-१. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज, म्हणजे साखरच, यांना बरोबरच आत घेतं. नुसता सोडियम आला तर नाही, नुसतं ग्लुकोज आलं तर नाही, दोघं पाहिजेत. ही कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. आणि सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की त्यांच्यामागून पाणी जातं, कारण पाणी नेहमी जिथे विरघळलेले पदार्थ जास्त तिकडे ओढलं जातं, परासरण म्हणतो ते हेच. म्हणजे ओआरएसमधली साखर ही मिठाला आत न्यायला आहे आणि मीठ-साखर मिळून पाण्याला आत न्यायला आहेत. साखर काढली तर मीठ आणि पाणी बरंचसं बाहेरच राहतं. मीठ काढलं तर साखर रखडते. ही गोष्ट एकदा कळली की कुठलीही आई आयुष्यात प्रमाण चुकवणार नाही असं मला मनापासून वाटतं.

कॉलऱ्यामध्ये काय होतं ते बघा. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरूनच एक विष सोडतो. हे विष आहे असं कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवून दिलं. एवढं मोठं काम, पण हयातीत त्यांना आपल्या देशात म्हणावा तसा मान मिळाला नाही, आठवीच्याच काय बारावीच्या पोरांना पण त्यांचं नाव माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. तर ते विष पेशीच्या आत जाऊन पटलातली क्लोराइडची वाट सताड उघडी करून ठेवतं, क्लोराइड बाहेर पळतं, मागोमाग सोडियम, मागोमाग पाणी, आणि माणूस काही तासात सुकून जातो. पण पेशी मरत नाही! केंद्रक शाबूत, तंतुकणिका चालू, पंप चालू, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एसजीएलटी-१ चालू. बाहेर जायची वाट बिघडलीय, आत यायची वाट नीट आहे. मग त्या नीट असलेल्या वाटेने पाणी आत घालत राहायचं, जेवढं जातंय त्यापेक्षा जास्त. ओआरएस जुलाब थांबवत नाही हे पण लोकांना सांगायला पाहिजे, कारण दोन ग्लास पाजून जुलाब थांबले नाहीत की लोक म्हणतात पुडीचा काही उपयोग नाही आणि सोडून देतात. त्याचं काम जुलाब थांबवायचं नाहीच, शरीर सुकू द्यायचं नाही हे आहे.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच देशात आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला, बंगालमध्ये बनगावला दवाखान्याच्या जमिनीवर माणसं ओळीने पडलेली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम आणि खायचा सोडा अडीच ग्रॅम असं मोजून लिटरभर पाण्याचा हिशोब केला, पिशव्या भरल्या, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाईकांच्याच हातात भांडी देऊन सांगितलं पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. नर्स नाही, सुई नाही, शिकलेलं माणूस पण नाही, घरच्यांनी पाजलं आणि माणसं वाचली. त्याच्या आधी १९६८ मध्ये ढाक्याला हे औषध रुग्णांवर वापरून बघितलं होतं, पण एवढ्या गर्दीत, चिखलात, घरच्या लोकांच्या हातून हे होतं हे बनगावला दिसलं. १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिलं की हा शतकातला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असावा. डॉक्टर ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मरणोत्तर मिळाला. त्यांच्यावर एक पान तुमच्या रविवारच्या अंकात नक्की करा.

आता त्या गोड ज्यूसबद्दल. सध्याच्या प्रमाणाप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. हे मिश्रण रक्तापेक्षा थोडं पातळ ठेवलेलं आहे, मुद्दाम. कोल्ड्रिंकमध्ये लिटरला साधारण शंभर ग्रॅम साखर असते आणि मीठ नावाला. एवढी साखर आतड्यात गेली की पेशीला ती पटकन आत घेता येत नाही, पोकळीत साखर जास्त राहते आणि मग पाणी उलटं, पेशीतून आणि रक्तातून आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतो. तेच परासरण, फक्त दिशा उलटी. म्हणून गोड आहे, लेकरू पितंय, म्हणजे बरंच आहे असं होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, प्रमाणात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली, चांगलं केलं, उशिरा केलं. पण आदेश निघाला म्हणून लोकांची सवय बदलत नाही, मेडिकलच्या काउंटरवर कुणी विचारलं तर समजावून सांगणारं माणूस पाहिजे आणि पेपरात चौकट पाहिजे.

आणि आपल्या आज्या मीठ घातलेली भाताची पेज द्यायच्या, त्याला लोक आता जुनाट म्हणतात, तर ते जुनाट नाही. भातातला स्टार्च आतड्यात हळूहळू तुटून त्याचं ग्लुकोज होतं, मीठ बरोबर असतंच, म्हणजे एसजीएलटी-१ ला जे पाहिजे ते मिळतं आणि एकदम साखरेचा भडिमार होत नाही. पुढे तांदळाचं ओआरएससुद्धा करून बघितलं गेलं आणि कॉलऱ्यात ते चांगलं चालतं असं दिसलं.

पेशीच्या धड्यातली बाकीची नावं पण इथेच येतात बघा. हे एसजीएलटी-१ बनवायची कृती केंद्रकात, २२ नंबरच्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. तिची प्रत निघते, ती केंद्रकाच्या बाहेर येते, आंतर्द्रव्यजालिकेवर चिकटलेले रायबोझोम ती वाचून एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिन बनवतात, गॉल्जी पिंडात त्याच्यावर शेवटचा हात फिरतो आणि ते पटलात नेऊन बसवलं जातं. काही बाळांमध्ये, फार क्वचित, त्या कृतीतच चूक असते, मग जन्मल्यापासून आईच्या दुधानेसुद्धा जुलाब लागतात, कारण दुधातली साखर तुटून जे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतं ते आत घेणारं प्रथिनच नीट नाही, अशा बाळाला ग्लुकोजचं ओआरएस पण लागू पडत नाही. आणि याच प्रथिनाचा एक भाऊ, एसजीएलटी-२, किडनीत असतो, लघवीत चाललेली साखर परत रक्तात घेतो. डायबेटिसवाल्यांच्या गोळ्यांच्या नावात शेवटी ग्लिफ्लोझिन असतं त्या गोळ्या त्यालाच अडवतात, म्हणून साखर लघवीवाटे जाते. तुमच्या वाचकांपैकी कितीतरी जण ती गोळी रोज सकाळी घेत असतील. एवढं सगळं ज्याच्याशी जोडलेलं आहे तो धडा आपण आकृती आणि रिकाम्या जागा भरा यात संपवतो हे बरं नाही.

शाळांबद्दल पण लिहिते. मायक्रोस्कोप बऱ्याच शाळांमध्ये आहे, पण कपाटात, कुलूप लावून, कारण फुटला तर भरून कोण देणार. माझं म्हणणं आहे तो बाहेर काढा आणि कांद्याच्या पापुद्र्यावर थांबू नका. कांद्याच्या पापुद्र्यावर आपण आयोडीन टाकतो, आकार छान दिसतात पण पेशी मेलेली दिसते. ऱ्हिओचं झाड घ्या, सरकारी ऑफिसच्या कुंड्यांमध्ये असतं, पान वरून हिरवं खालून जांभळं. खालची जांभळी साल काढून पाण्याच्या थेंबात ठेवा, पेशी जांभळ्या रंगाने गच्च भरलेल्या दिसतात. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढा. थोड्या वेळात जांभळा रंग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा व्हायला लागतो, भिंत जागेवर, आत मोकळी जागा. परत साधं पाणी दिलं की रंग हळूहळू पसरतो आणि पेशी भरते. आणि दुसऱ्या स्लाइडवर तेच पान पण उकळून घेतलेलं ठेवा, मीठ टाका, काहीही होत नाही, कारण पटल मेलेलं आहे, ते कुणाला अडवत नाही. हे एकदा डोळ्याने बघितलेल्या मुलाला जिवंत पेशी आणि मेलेली पेशी यातला फरक सांगावा लागत नाही, आणि मीठ-पाण्याच्या प्रमाणाने काय होतं हे पण त्याला कळतं. आमच्या वर्गात एक मुलगा डोळा काढायलाच तयार नव्हता, मागे रांग लागलेली, पोरं ओरडतायत, आणि तो म्हणतो थांबा रे, अजून हलतंय. ऱ्हिओ नसेल तर फिशटँकमधल्या हायड्रिलाचं एक पान तसंच पाण्यात ठेवून बघा, हिरवे कण पेशीच्या कडेने फिरताना दिसतात, थोडा उजेड पाहिजे आणि थोडा धीर.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक चूक सर्रास होते. लिटरची पुडी असते आणि घरी पेला असतो, मग अर्धी पुडी पेल्यात टाकतात आणि उरलेली दुमडून ठेवतात. ते पाणी फार खारट होतं, धोक्याचं असतं, आणि मूल थुंकतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. पुडीवर किती पाण्यात टाकायची ते छापलेलं असतं, लिटरची पण असते आणि २०० मिलिची छोटी पण असते, ते वाचून अख्खी पुडी तेवढ्याच पाण्यात टाकायची. अंगणवाडी ताई आणि आशा ताई हे जीव तोडून सांगत असतात, पेपरात आलं तर त्यांचं बोलणं लोक जास्त मनावर घेतील.

आमच्या गावावरून आषाढीची पालखी जाते, त्या दिवसांत हजारो लोक रस्त्यावर जेवतात, पाणी पितात, त्यामुळे त्याच्या आधीच्या आठवड्यात चौकट छापलीत तर फार बरं होईल. मजकूर हा घ्या: ओआरएसची अख्खी पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात टाका, चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेकून नवीन करा. पुडी मिळत नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा छोटे चमचे सपाट आणि मीठ अर्धा छोटा चमचा सपाट, त्यापेक्षा कशाचंही प्रमाण वाढवू नका. लहान मुलाला चमच्या-चमच्याने द्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करा, आईचं दूध बंद करू नका, सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस, डॉक्टरांना किंवा आशा ताईंना विचारून. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, लघवी होईना किंवा शौचातून रक्त आलं तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि खाली एक ओळ एवढी टाकाच की साखर चवीसाठी नाही, मीठ आणि पाणी आतड्याच्या पेशीत न्यायला आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका,
फलटण, जि. सातारा